२७ हजारांचा सौदा आणि पलीकडचा कर: वरूड पट्ट्यातल्या एका संत्रा गटाचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या आंबिया हंगामातलं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुटणाऱ्या संत्र्याच्या बहारातलं आहे. गाव वरूड तालुक्यातलं. गावाचं, माणसांचं आणि व्यापाऱ्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. भाव आणि टनांचे आकडे गटाच्या वहीतून घेतले आहेत, थोडे पूर्णांकात करून. या हंगामावर पेपरांत भरपूर छापून आलं, पण बहुतेक सगळं सरकारनं काय करायला हवं याबद्दल. इथे मला फक्त शेतकऱ्यांपुढे कोणते निर्णय आले आणि ते कसे घेतले गेले एवढंच पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड हा सलग संत्र्याचा पट्टा. वरूडच्या रेल्वे स्टेशनचं नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागद बहुतेक बागाईतदारांनी पाहिलेलेही नाहीत, कारण त्यांचा माल ‘नागपुरी’ म्हणून विकला जात होता तो मानांकनामुळे नाही, तर व्यापाऱ्यामुळे. आणि व्यापाऱ्याचा माल कित्येक वर्षं जात होता बांगलादेशात.

याला कारण होतं. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणीला येतं. मृगाच्या, म्हणजे पावसाळ्यात फुटणाऱ्या बहाराच्या फळापेक्षा ते आंबट, रंगाला फिकं, सालीला पातळ. दिल्लीच्या बाजारात त्याला नागपूरचा मान असला, तरी राजस्थानातल्या झालावाडचा आणि मध्य प्रदेशातला संत्रा त्याच सुमारास तिथे उतरतो, पाठोपाठ पंजाबचा किन्नो येतो. पूर्वेला एवढी गर्दी नव्हती. रायपूर, संबलपूर, कोलकात्यावरून सीमेवरच्या पेट्रापोलपर्यंत (बनगावजवळ) ट्रक, पलीकडे बेनापोलला माल उतरवायचा आणि तिथून ढाका. मध्यम आणि लहान फळही तिकडे खपायचं. म्हणून या गावात फळ मोठं करण्याच्या फंदात कोणी पडत नव्हतं. झाडावर जेवढं टिकेल तेवढं टिकवायचं, टनावर विकायचं.

गटात नऊ जण. मिळून ४२ एकर, फळावरची झाडं चार हजारांच्या आसपास, अंदाज १८० टनांचा. हिशेब एका निवृत्त मास्तरांकडे. गटात एक काकू आहेत. नवरा गेल्यावर बाग त्याच पाहतात आणि मोबाईलवर बेरीज करण्यात गटात त्यांचा हात कोणी धरत नाही.

ऑगस्टअखेर दोन व्यापारी आले होते. पहिला केरळकडे माल पाठवणारा. त्याला फक्त मोठं फळ हवं होतं, ३० हजार रुपये टनानं, लहान-मध्यम तुमचं तुम्ही पाहा म्हणाला. दुसरा वरूडचाच, ओळखीचा. त्यानं अख्खा माल उचलायचं कबूल केलं. चुरी (अगदी बारीक फळ) सोडून सरसकट २७ हजार रुपये टन, टनामागे ५० किलो कट्टी (वजनातली सूट), पाच लाख इसार. सौदा चिठ्ठीवर झाला. चिठ्ठीत भाव, कट्टी, इसार होता. माल कोणत्या तारखेपर्यंत उचलायचा, हे नव्हतं. उरलेल्या मालाचं काय, हेही नव्हतं.

इथे पहिला निर्णय झाला होता, आणि कोणाला तो निर्णय वाटलाही नाही. सरसकट २७ आणि निवडून ३० यात गावानं सरसकट घेतला. निवड करायची म्हणजे मजूर, जागा, कॅरेट, आणि उरलेलं फळ घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाणं. ओळखीचा माणूस सगळं उचलतोय म्हटल्यावर ती कटकट कोण करणार?

पेच

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ४० टन माल गेला होता. मग व्यापाऱ्याचा फोन आला. “भाऊ, तोडा बंद ठेवा. पार्टी माल उचलून नाही राह्यली. बनगावले गाड्या उभ्या हायत.”

कारण सगळ्या तालुक्याला माहीत झालं होतं. बांगलादेशचा संत्र्यावरचा आयात कर २०१९ मध्ये किलोमागे २० होता. तो ३०, ५१, ६३ असा चढत २०२३ मध्ये ८८ वर गेला. हे आकडे टक्यातले, म्हणजे बांगलादेशी चलनातले. पेपरांत आणि भाषणांत ते सर्रास रुपये म्हणून फिरत होते. ८८ टका म्हणजे तेव्हाच्या दरानं ६६ रुपयांच्या आसपास. तेही काही थोडे नाहीत.

कर किलोमागे एवढा का येतो, हे मात्र बैठकीत कोणालाच सांगता आलं नाही. बांगलादेशात फळावरचा कर टक्केवारीनं लागतो. सीमाशुल्क, नियामक शुल्क, पूरक शुल्क, व्हॅट आणि आगाऊ कर मिळून तेव्हा ११० टक्क्यांच्या वर जात होता. आणि ही टक्केवारी आपल्या बिलावर बसत नाही. तिथलं कस्टम्स किलोला डॉलरमध्ये एक किमान किंमत धरतं, तिच्यावर बसते. मग तुमचं फळ १५ रुपयांचं असो की ३० चं, कर तेवढाच. शिवाय २०२२ च्या सुरुवातीला ८६ टक्यांना मिळणारा डॉलर २०२३ च्या शेवटी ११० च्या घरात होता. म्हणजे दरात काही न बदलताही टक्यातला कर वाढत होता.

गावात दुसरी गोष्ट जास्त पटली होती: आपण कांदा अडवला, म्हणून त्यांनी संत्रा अडवला. यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये भारतानं कांदा निर्यात एका दिवसात बंद केली होती, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी घातली. शेजाऱ्याचं स्वयंपाकघर असं वारंवार अडचणीत आणल्यावर त्यानं आपल्या संत्र्याची काळजी वाहावी, ही अपेक्षा जरा जास्तच. पण फळांवरचा तो कर सफरचंद, माल्टा, द्राक्षं सगळ्यांवर होता, कुठल्याही देशातून आली तरी. मे २०२२ मध्ये डॉलर वाचवायला त्यांनी परदेशी फळं, फुलं, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं अशा शंभरावर वस्तूंवर नियामक शुल्क चढवलं, त्यात फळं गेली. रागातून लागलेला कर राग गेला की उतरेल, अशी आशा धरता येते. डॉलर नाहीत म्हणून लागलेला कर एवढ्यात उतरत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

गटाचा पेच तिहेरी होता. १४० टन माल झाडावर. कट्टी जाऊन ४० टन भरले, त्यांचे १० लाख ८० हजार झाले होते, त्यातले इसार धरून नऊ लाख आले होते, एक लाख ८० हजार व्यापाऱ्याकडे अडकले. आणि तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही ती: डिसेंबरात बागेचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठे जानेवारी-फेब्रुवारीत पुढचा आंबिया फुटतो. झाडावर फळ असताना ताण दिला तर फळ सुकतं. नाही दिला तर पुढचा बहार उशिरा आणि विरळ येतो.

समोरचे पर्याय

दोन दिवसांनी व्यापारी स्वतः आला. नवा भाव १७ हजार. त्याचं म्हणणं असं की भाव खाली आला तर पलीकडची पार्टी पुन्हा माल धरेल. बरेच जण माना डोलवत होते. तेव्हा काकूंनी विचारलं, “मास्तर, आपण दहा रुपये सोडले त बांगलादेशात किती सोडल्या जाते, थे सांगा ना पहिले.”

मास्तरांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. तो मी पाहिला आहे. बागेतला भाव किलोला २७. तोडणी, कोटिंग (फळाला मेणाचा थर देणं), कॅरेट, ट्रकभाडं, बनगावची थांबणी मिळून १५. सीमेवर माल ४२ रुपयांना. त्यावर कर ६६. बेनापोलच्या व्यापाऱ्याच्या हातात पडेपर्यंत १०८ रुपये, म्हणजे १४३ टका. आता शेतकऱ्यानं दहा रुपये सोडले तर १०८ चे ९८ होतात. कर तसाच. इथे शेतकऱ्याचा भाव ३७ टक्क्यांनी पडला, तिकडच्या गिऱ्हाइकाला जेमतेम नऊ टक्के फरक.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. भाव पाडून तो कर ओलांडता येत नव्हता. व्यापारी १७ हजार मागत होता तो बांगलादेशसाठी नाही, तर माल देशातल्या बाजारात वळवावा लागेल त्याची तजवीज म्हणून. त्यानं तसं सरळ सांगितलं असतं तरी मागणी फारशी चुकीची नव्हती. पण मग बोलणी निराळ्या पायावर झाली असती: देशात कोणतं फळ कुठे किती भावानं खपतं, या पायावर.

बाकीच्या पर्यायांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. कोल्ड स्टोरेज लवकर बाद झालं. संत्र्याला सहा-सात अंश तापमान आणि नव्वदच्या वर आर्द्रता लागते. जवळपासचं स्टोरेज मिरचीसाठी चालवलेलं, त्यात हे फळ ठेवायला कोणी धजावलं नाही. रस काढणाऱ्यांना देणं हा पर्याय भाषणांत छान वाटतो. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो, बियाही भरपूर. म्हणून प्रक्रियावाला चुरीचाच भाव देत होता, सात-आठ हजार रुपये टन.

उरले तीन पर्याय. भाव ठरवून व्यापाऱ्यालाच द्यायचं. निवड करून मोठं फळ दक्षिणेला, बाकी कळमन्याला स्वतः न्यायचं. किंवा थांबायचं. थांबण्याच्या बाजूनं जोर होता, कारण नागपूरचं हिवाळी अधिवेशन महिन्यावर आलं होतं आणि निर्यातीला मदत जाहीर होणार अशी कुजबुज होती. गटातला एक तरुण म्हणाला, “झाडावर माल सोन्यासारखा हाय, मंग घाई काहून?” त्याला उत्तर मिळालं नाही. खरं तर उत्तर ताणाच्या वेळापत्रकात होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काय केलं

गट एकमतावर आला नाही. मला यात वाईट काही दिसत नाही. नऊ जणांचं कर्ज, घरातली लग्नं, मजुरांची सोय वेगवेगळी होती. पण फुटताना त्यांनी एक चांगली गोष्ट केली: अडकलेल्या एक लाख ८० हजारांचं बोलणं एकत्र केलं आणि ते पैसे आल्याशिवाय कोणाच्याही बागेत तोडा होणार नाही, असं व्यापाऱ्याला कळवलं. पैसे आठवड्यात आले.

पाच जणांनी (उरलेला माल ८० टन) १९ हजारांवर मिटवलं. व्यापारी १७ वरून १९ वर आला तो काकूंनी मांडायला लावलेल्या हिशेबामुळे. पावतीपुस्तक त्याच्यापुढे ठेवल्यावर तो थोडा हसला आणि म्हणाला, बांगलादेश सोडून बोलू.

दोघांनी (३० टन), त्यातल्या एक काकू, निवड केली. कोटिंगवाल्याशी कमिशनवर ठरवून मोठं फळ बेंगळुरू आणि कोचीला पाठवलं. मध्यम फळ कळमन्याला, चुरी रसवाल्याला. निवडणारे मजूर मिळेनात म्हणून घरच्या बायका आणि शाळेतून आलेली पोरं शेडमध्ये बसली. आकाराची कडी हातात धरून फळ त्यातून जातं का पाहायचं, जात नाही ते एका कॅरेटमध्ये, जातं ते दुसऱ्यात. पहिल्या दोन गाड्यांत आकार मिसळला म्हणून कोचीच्या अडत्यानं भाव कापला.

दोघे (३० टन) थांबले. २६ नोव्हेंबरपासून राज्यभर अवकाळी पाऊस आला, विदर्भातही. पिकलेल्या फळाला पाऊस लागला की गळ सुरू होते, आणि झाडावर जास्त राहिलेलं फळ फोपशी पडतं. अंगठ्यानं दाबलं तर साल आत जाते, फोडी तिच्यापासून सुटलेल्या असतात. असं फळ ट्रकमध्ये दोन दिवस टिकत नाही.

डिसेंबरच्या अधिवेशनात राज्य सरकारनं बांगलादेशच्या आयात कराच्या निम्म्या रकमेइतकं अनुदान जाहीर केलं, किलोमागे ४४ रुपये, एकूण १७० कोटींच्या घरात. कर टक्यात, अनुदान रुपयांत, त्यामुळे कागदावर ते निम्म्याहून जास्तच होतं. पण ते होतं निर्यातदाराला. या गावचा जो माल पेट्रापोलला गेला होता, त्याची निर्यातीची कागदपत्रं कोलकात्याच्या पार्टीच्या नावावर. शेतकऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, वरूडच्या व्यापाऱ्याचंही नव्हतं. घोषणेच्या आठवड्यात भाव किंचित हलला आणि पुन्हा होता तिथे बसला.

काय हाती आलं

१९ हजारांवर मिटवलेल्या पाच जणांचे १५ लाख २० हजार झाले. पैसे तुकड्यातुकड्यानं, शेवटचा हप्ता होळीला.

निवड करणाऱ्या दोघांना खर्च जाऊन मोठ्या १६ टनांचे २४ हजारांप्रमाणे, मध्यम नऊ टनांचे १५ हजारांप्रमाणे, चुरीच्या पाच टनांचे सात हजारांप्रमाणे मिळाले. एकूण पाच लाख ५४ हजार, सरासरी टनाला साडेअठरा हजार. एवढा खटाटोप करून १९ हजारवाल्यांपेक्षा थोडं कमीच, घरच्यांची मजुरी तर धरलेलीच नाही. त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच की रक्कम गाडीमागे गाडी हातात आली, आणि बाग नोव्हेंबरअखेर मोकळी झाली म्हणून ताण वेळेवर बसला.

थांबलेल्यांच्या ३० टनांतून २१ टनच तोडले गेले, डिसेंबरच्या मध्यात, १४ हजारांनी. दोन लाख ९४ हजार. नोव्हेंबरात १९ घेतला असता तर पाच लाख ७० हजार झाले असते. पुढचा आंबियाही त्यांच्याकडे विरळ फुटला.

वेगळं काय करता आलं असतं

थांबणं चुकलं, हे आता सगळेच म्हणतात. मला ते एवढं सोपं वाटत नाही. पाऊस आला नसता तर नुकसान निम्मं झालं असतं. खरी चूक तारीख न ठरवता थांबण्यात होती. ‘अमुक तारखेपर्यंत कर उतरला नाही तर मिळेल त्या भावानं तोडा’ असं ठरलं असतं, आणि ती तारीख ताणाच्या वेळापत्रकावरून काढली असती, तर ती २० नोव्हेंबरच्या पुढे गेलीच नसती.

त्याआधीचा ऑगस्टचा सौदा. कर तीन वर्षं ओळीनं चढला होता. चौथ्या वर्षी तो चढेल की नाही हे कोणाला ठाऊक नसतं, पण चढला तर काय, एवढा प्रश्न चिठ्ठीत मावला असता. माल उचलायची शेवटची तारीख आणि त्यानंतर रोजची घट कोणाची, या दोन ओळी असत्या तर नोव्हेंबरात व्यापाऱ्याचा हात एवढा वर राहिला नसता. तोही कात्रीत होता, हे मान्य. त्याच्या दोन गाड्या बनगावला उभ्या राहून नासल्या.

केरळवाल्याला नाकारण्याबद्दल गटात अजून वाद आहे. मोठं फळ त्याला ३० नं आणि बाकीचं वरूडच्या व्यापाऱ्याला कमी भावानं, असा दुहेरी सौदा ऑगस्टात जमला असता का? मास्तर म्हणतात नाही, मोठं फळ काढून घेतल्यावर उरलेल्याला कोणी हात लावत नाही. काकू म्हणतात विचारून तर पाहायचं होतं. निवड नोव्हेंबरात घाईनं केली तेव्हा आकार मिसळले, अडत्यानं कापलं. सप्टेंबरात मजूर मोकळे होते, कडी लावून निवडायची सवय तेव्हा झाली असती. आणि झाडावरच विरळणी करून फळ मोठं करणं हे तर त्याहीआधीचं काम, ज्याला या गावात एका बाजारानं कधी गरजच पडू दिली नव्हती.

पुढचं वर्षही काही सुखाचं नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकार कोसळलं तेव्हा पेट्रापोलची ये-जा काही दिवस ठप्प झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिकडे फळांवरचं पूरक शुल्क २० वरून ३० टक्क्यांवर गेलं. गटानं २०२४ च्या सौद्यात दोन अटी घातल्या: माल उचलायची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर, आणि मोठं फळ वेगळ्या भावानं. जुन्या व्यापाऱ्यानं पहिली अट मान्य केली, दुसरी नाही. सात जणांनी त्यालाच माल दिला. काकू आणि दुसऱ्या बागवाल्यानं कोचीच्या अडत्याला फोन लावला.